दहा तेत्री

आमच्या लिफ्टला नाणं लागतं.
उतरणं फुकट, चढायला दहा तेत्री.
पत्र्याच्या पेटीला बारीकशी फट,
नाणं गिळलं की लिफ्ट खोकते, दोनदा दचकते,
मग नाइलाजानं वर निघते.

सातवा मजला. पाच माणसं.
सुट्टे पैसे म्हणाल तर
सोफ्याच्या पोटात, अक्रोडांच्या वाडग्यात,
बाबांच्या त्या कोटाच्या अस्तरात,
जो धुवायला दिलाय.
हवे तेव्हा एकजात बेपत्ता.

आई दातांची डॉक्टर. साडेआठला तिची पहिली दाढ.
रोज आठ दहाला ती खाली पोचते
आणि धापा टाकत परत वर येते, जिन्यानं,
कारण किल्ल्या राहिल्या,
किंवा एका पायात लुआर्साबचा बूट निघाला,
आणि नाणंही वरच राहिलं.
बाबा पियानो सुरात लावतात. अर्ध्या त्बिलिसीचे.
आमचाच तेवढा राहिलाय, चौदा वर्षं.
त्यावर इस्त्रीचे कपडे असतात.
लुआर्साब सोळाचा, न्हाणीघरात राहतो.
बाचाना सहाचा, आणि त्याचा पहिला दात
गुरुवारी खाचापुरीच्या चीजमध्ये रुतून आला.

पडलेला दात उंदराला द्यायचा,
बदल्यात तो लोखंडाचा देतो,
असं मावशीनं फोनवर सांगितलं.
सातव्या मजल्यावर उंदीर आणायचा कुठून,
हे मात्र कुणी सांगितलं नाही.
वेळच नव्हता कुणाला.

शनिवारी मावशी पिक्रिया तेलावीहून आली.
काचेच्या बुधल्यात वीस लिटर घरची वाइन,
चीजचे दोन गोळे
आणि एक जिवंत कोंबडी.
"ताजी असावी म्हणून."

आणि लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मध्येच थांबली.
आत मावशी, बुधला, कोंबडी,
आणि पाचव्या मजल्यावरचे ओतिया काका,
ज्यांच्याशी आमचा कपड्यांच्या दोरीवरून
दोन वर्षं अबोला.

मेकॅनिक म्हणाला, येतो. कधी, ते म्हणाला नाही.
बाबांनी लिफ्टच्या दाराला कान लावला,
जिन्याच्या कठड्यावर ट्यूनिंग फोर्क आपटला,
पुन्हा कान लावला, आणि गंभीरपणे म्हणाले,
"जरा उतरलीये."
आई म्हणाली, "उतरली असती तर काय हवं होतं!"

जे जे चपटं होतं ते आम्ही फटीतून आत सरकवलं:
पावाचे तुकडे, काकडीचे काप, दाबून बसवलेले कागदी पेले.
आतून आधी कोंबडी ऐकू आली,
मग काहीच नाही,
मग बुधल्याचं बूच.
"गेलेल्यांच्या नावानं!" मावशीचा आवाज.
बऱ्याच वेळानं ओतिया काकांचा,
घसा खाकरून: "शेजाऱ्यांच्या."
तिसऱ्या पेल्याला विषय दोरीवर आला.
पाचव्याला दोघं गायला लागली.
तेव्हा लुआर्साब ओल्या केसांनी न्हाणीघरातून आला,
जिन्यात बसला, आणि खालचा सूर धरला.
हा मुलगा गातो, हे आम्हाला
चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये कळलं.

दोन तासांनी मेकॅनिकनं पेटी उघडली.
नाणी, तीन बटणं, सूर्यफुलाची टरफलं,
आणि खटक्याच्या दातांत अडकलेला
एक दात.
आईनं तो दिव्यापुढे धरला. हाताची सवय.
"खालचा, मधला. कीड नाही," म्हणाली,
आणि तिथेच पायरीवर बसली.
आठवडाभरात तिचं बूड टेकलेलं
मी पहिल्यांदा पाहिलं.

"तिला पण फट आहे," बाचाना म्हणाला,
"आणि ती रात्री कुरतडते."
यावर बाबासुद्धा काही बोलले नाहीत.

कोंबडी अजून आहे, बाल्कनीत.
नाव ठेवल्यावर कापणार कोण?
दोरी ओतिया काकांची, मंगळवार आमचा.
लिफ्ट कधीकधी नाणं न मागताच
खोकते, दचकते, वर नेते.
मेकॅनिक म्हणतो, स्प्रिंग सैल झाली.

बाचाना मात्र रोज पेटीपुढे उभा राहून
जिभेनं हिरडी चाचपतो,
लोखंड फुटतंय का बघत.