यादीत नसलेली ऐरण

कापल्या गव्हाच्या खुंटांवर रांगा मांडलेल्या:
कानशी, पटाश्या, दांडा नसलेले चार घण,
साखळ्या, तेलाची पिंपं, एक पाळणा.
पाळण्यावर चिठ्ठी, विकायचा नाही,
आणि त्याच्याच सावलीत
गंजक्या पान्यांची बादली.

मी दर मार्चला विमेरात येतो.
धंदा सोपा आहे. बादली दहा डॉलरला घ्यायची,
रात्रभर रॉकेलमध्ये बुडवायची,
बॅलरॅटच्या रविवारच्या बाजारात
एकेक पाना चार डॉलरला.
पथ्य एकच: घरच्या माणसांकडे बघायचं नाही.
बघितलं की पाच डॉलर जास्त जातात.

मर्व्ह नॉस्कीला मी कधी भेटलो नाही.
पण त्याच्या रंध्याच्या मुठीवर
अंगठ्याचा खळगा भलत्याच बाजूला होता.
डावखुरा. असला माल लवकर खपत नाही.

एकशे बारा नंबरनंतर ट्रेलोर थांबला.
चष्मा वर, चष्मा खाली, कागद उलटा.
"ही ऐरण कुठून आली?"
काल संध्याकाळी मी रांगा बघून गेलो होतो.
नव्हती.
आता होती, दवात न भिजलेली,
शेजारी चाकांचे ताजे वळसे.

"मिबसनं नेली होती," बाजूचा म्हातारा कुजबुजला,
"फाळ सरळ करायला. दोन दिवसांसाठी."
कधी?
"सिडनीला ऑलिंपिक झालं ना, त्याच्या आदल्या वर्षी."

जुनी उसनवारी सहसा ऐरणीवर येत नाही.
इथं ऐरणच चालत आली.

कॉलिन मिबस चर्चच्या बायकांच्या टेबलापाशी
टोपी खाली ओढून केक निवडत होता.
एकच केक. बराच वेळ.

पन्नास, ट्रेलोर म्हणाला.
मिबसनं टोपीला बोट लावलं.
बाकी सगळ्यांचे हात खिशात. माझेही.
पन्नास एक वार.
पन्नास दोन वार,

"साठ."

डल्सी नॉस्की. एप्रन बांधलेली,
स्वतःच्या शेडच्या दारात,
स्वतःच्याच मालावर.

"डल्सी, अगं, तुझीच आहे ती."
"ठाऊक आहे. तू ओरड पुढं."

सत्तर. नव्वद. एकशे चाळीस.
दोनशे म्हणताना मिबसचा आवाज चिरकला.
ती तोंडातल्या तोंडात काही मोजत होती,
वर्षं असावीत.
तीनशे दहाला तिनं मान हलवली: पुरे.
तीन वार.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
पुढचा नंबर गळका पंप होता.

ऐरण गाडीत चढवायला मी एका बाजूनं धरलं.
"दोन दिवसच म्हणालो होतो," मिबस ऐरणीला सांगत होता.
"मग दुष्काळ आला. मग विसरलो.
मग आठवलं,
आणि आठवलं म्हणूनच जाता येईना."

डल्सी पावती घेऊन आली.
नोटा मोजल्या, एप्रनच्या खिशात घातल्या.
"फाळ सरळ झाला होता का?"
"झाला होता."
"मग बरं."

ती वळताना माझ्याकडे बघून गेली,
किंवा मीच बघितलं.
पाळण्याखालची बादली
मला पंधराला पडली.