रकाना सातवा

अर्जावर पाच रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
हेच तर छापत होतो,
सुटीच्या भोंग्याला झडती देऊन
रिकाम्या खिशानं घरी.
आज पहिल्यांदा विकत घेतला, थुंकी लावून चिकटवला.

नाव, गाव, तालुका. सन अंदाजे.
सातवा रकाना : नक्कल कशासाठी हवी?

कारकून म्हणाला, लिहा जातीचा दाखला, सगळे तेच लिहितात.
बाकावर माझ्यापुढं चौदा जण,
पणजोबाच्या नावापुढचा एक शब्द शोधायला आलेले.
मी रकाना कोरा ठेवला.

काय लिहिणार?
बिटको रुग्णालय, खाट नंबर अकरा.
शेवटच्या आठवड्यात दादा भिंतीकडं वळायचे, म्हणायचे,
'हौशे, सरक की जरा.'
रोज. तेही लाडानं.
आई डबा घेऊन दारात उभी.
आमच्यात हौसा नावाचं कुणी नव्हतं,
भावकीत नाही, गल्लीत नाही.
पुढं फोटोला हार आई माझ्याच हातानं घालायला लावायची.
एकदाच म्हणाली, तांदूळ निवडता निवडता,
'असेल कुणी. माणूस आहे.'
आणि खडा लांब फेकला.

आधी रामकुंडावर जाऊन आलो होतो.
उपाध्यांनी दारणाकाठचं गाव विचारलं, आडनाव विचारलं,
लाल बासनातली लांबोळकी वही काढली
आणि खापरपणजोबापर्यंत वाचत गेले,
जणू सगळे कालच स्नानाला येऊन गेलेत.
आजोबा बावन्न साली, आईच्या अस्थी घेऊन :
अंगठा, शाईचा ओघळ, पुत्र एक.
मुली?
'त्या सासरच्या वहीत.'
आणि ज्या सासरी गेल्याच नाहीत त्या?
त्यांनी वहीला दोरी गुंडाळली, चष्मा पुसला,
म्हणाले, चहा घेणार का.

अभिलेख कक्षात केतकी गांगुर्डे नावाची पोरगी,
मोडी वाचायला रोजंदारीवर.
नाकाला रुमाल, टेबलावर कसरीच्या अळीनं चाळण केलेलं कोतवाल बुक.
पान उलटायचं तर आधी श्वास धरायची.
दादांची जन्मतारीख आम्हाला पाठ : एक जून.
मास्तरांनी शाळेत नाव घालताना लावलेली,
अर्ध्या वर्गाला तीच.
केतकीचं बोट थांबलं ते तेवीस सप्टेंबर एकेचाळीसवर.
मुलगा.
'काका, खाली अजून एक ओळ आहे.'

तारीख सदर. गाव सदर. बापाचे नाव सदर.
मुलगी.
नावाच्या जागी नुसती आडवी रेघ.

नाव सापडलं दुसऱ्या बुकात, मयतांच्या,
सेहेचाळीसचा फाल्गुन.
हौसा. वय ४॥.
रोग : देवी.
केतकीनं शब्द दोनदा वाचला, मग मलाच विचारलं,
'देवी म्हणजे देवीच ना?'
मी हो म्हणालो.
दादांच्या गालावरचे वण आम्ही लहानपणी मोजायचो.
कधी कुणी विचारलं नाही
की त्या गोधडीत दुसरं कोण होतं.

एकाच पोटात, मग एकाच गोधडीत,
जागेवरून भांडणारी दोन.
त्यांतल्या एकानं पंच्याहत्तर वर्षं
अख्खी खाट एकट्यानं वापरली,
तरी कड सोडून कधी मधे झोपला नाही.
आई म्हणायची, खोड आहे मेली.

नक्कल तयार झाली तसा कारकुनानं परत बोलावलं.
'सातवा कोरा आहे. शिक्का नाही मारता येत.'
उभ्या उभ्या लिहिलं :
आईस दाखविणेकामी.

आई गेल्या मार्गशीर्षात गेली.
त्यासाठी अर्जात रकाना नव्हता
आणि त्यानंही विचारलं नाही.
शाईच्या गादीवर शिक्का दाबला, आपटला,
तो निम्मा कागदावर, निम्मा माझ्या स्टॅम्पवर पडला.
एकतीस वर्षांत एवढे छापले,
रद्द होताना एकही पाहिला नव्हता.