स्वल्प तडी

उद्यमबागेत नोकरीला लागलो त्या आठवड्यात
मी एक अख्खा ट्रक परत पाठवायला निघालो होतो.
यादवाडचा दगड. फिकट, राखेत दूध सांडल्यासारखा.
ड्रॉपरनं थंड आम्लाचा थेंब टाकला,
थेंब नुसता बसून राहिला.
शेजारचा चुनखडीचा तुकडा
नाव काढताच फसफसला होता.
मी वहीत लिहिलं: माल मेलेला. नाकारला.

ड्रायव्हर सिद्दाप्पा हडपद.
त्याला माझं मराठी निम्मं कळायचं,
मला त्याचं कन्नड त्याहून कमी.
त्यानं काही वाद घातला नाही.
खिशातली ट्रकची किल्ली काढली,
दगडावर खरवडली, चिमूटभर पूड पडली.
म्हणाला, आता टाका.
टाकला.
स्वल्प तडी री, स्वल्प तडी.

आणि मग आले.
मोहरीहूनही बारीक बुडबुडे,
एकेक करत,
परक्या घरी पंगतीला बसलेल्या माणसासारखे
संकोचत.

वहीतलं ते पान मी फाडलं नाही.
खाली लिहिलं: डोलोमाईट. चांगला. घेतला.

पुढं सव्वीस वर्षं हाच दगड हातात.
भिंगातून पाहिलं तर याचे स्फटिक वाकलेले,
खोगिरासारखे, बसून बसून झिजल्यासारखे.
एक थर कॅल्शियमचा, एक मॅग्नेशियमचा,
परत कॅल्शियमचा.
मला वाटलं होतं हे आमच्यासारखंच,
गल्लीतल्या पाट्यांसारखं, वर एक लिपी खाली एक.
पण ते खरं नाही.
पाट्यांना डांबर फासता येतं.
हे थर वेगळे करायचे तर
दगड दगड राहत नाही.

भट्टीत शंभर किलो भाजा,
बाहेर निघतात बावन्न-त्रेपन्न.
बाकीचा नुसता श्वास.
तेवढा श्वास दाबून तो डोंगरात पडून होता,
हे मला हिशोबाच्या रकान्यात मावेना.
कुपोलात तो कोकबरोबर जातो,
लोखंडातली घाण अंगावर घेतो,
मळी होऊन वेगळ्या नळीनं बाहेर पडतो.
ओतकामावर त्याचं नाव कुठंच नसतं.
पंपाच्या बॉडीवर कंपनीचं असतं.

खानापूरकडं पावसानं धुतलेल्या आंबट जमिनीत
पोत्यानं टाकतात हाच. भाताचं पिवळं पान
दुसऱ्या वर्षी हिरवं निघतं, म्हणे.
म्हणे, कारण मी शेतकरी नव्हे.
दिवाळीत शनिवार खुटावर
दहा रुपयांना पुडी मिळते ती रांगोळीही बऱ्याचदा हाच.
आमच्या हिनं दारात कासव काढलं
तेव्हा मी चिमूट उचलून थेंब टाकायला गेलो.
हिनं हात झटकला. "दारातली रांगोळी हाय ती,
तुझी प्रयोगशाळा नव्हं."

एकदा जुन्या सायबांनी सांगितलं,
हा आधी चुनखडीच असावा. समुद्राचं पाणी
मुरत मुरत आत गेलं, एक धातू काढून दुसरा बसवला.
बदलताना दगड आतून आक्रसतो,
पोकळ्या राहतात.
हे कसं नि किती वर्षांत, अजून कुणाला नीट जमलेलं नाही,
प्रयोगशाळेत तर थंड पाण्यात होतच नाही लवकर.
सायेब हसले. मी त्या पोकळ्यांचा
बराच वेळ विचार करत बसलो.

सिद्दाप्पा गेला ते मला तीन महिन्यांनी कळलं.
त्याच्या पोरानं ट्रक आणला,
वजनकाट्यावर उभा केला, उतरून
किल्लीनं दगड खरवडायला लागला.
कोण शिकवलं, विचारलं.
तो मराठीत म्हणाला, तुम्हीच की.

रिटायर होऊन आता दोन वर्षं.
काल स्वयंपाकघरात लिंबू पिळताना
हिच्या हातून रस मोझाइकवर सांडला.
सिमेंट लगेच कुरकुरलं.
पांढऱ्या खड्यावरचा थेंब मात्र गप्प.
मी गुडघ्यावर बसलो.
"काय बघुलास? पुसून घे की."
स्वल्प तडी, म्हणालो मी,
आणि हिला ते कळलं.