नववा रिपीट

भट्टीवर मी बसायचे. लोहारांची ठगू.
भाता माझा, सांडशी माझी, रंग ओळखणं माझं.
साहेबाच्या वहीत काय लिहिलंय ठाऊक नाही,
आम्ही असं शिकलो:
काळा तो कच्चा,
जांभळट तो आळशी,
पळस फुलला की फेक.
आणि ठिणग्या सुटल्या तर जळाला,
टाक राखेत. मजुरीतून अधेला गेला.

गिरणेच्या वाळूत दगडी खांब,
वर विलायतेचं लोखंड,
बोटीतून, मग बैलगाडीतून, तुकड्या-तुकड्यांनी आलेलं,
प्रत्येकावर पांढरा आकडा, गुरांवर डाग असतो तसा.
वैशाखात गर्डर असा तापायचा
की मांडी टेकली तर कातडी तिथंच.
म्हणून आम्ही चांदणी असताना सुरू करायचो.

मी फेकायचे, उखर्डू झेलायचा.
तेरा वर्षांचा, हातात पत्र्याचं डबडं.
मग भोकात. मागून नूरखा तडवीचा टेका,
पुढून दोन घण एकाआड एक,
दोघी जणी कांडताना पडतात तसे.
रिपीट थंड होताना आखडतो,
आखडताना दोन पत्रे उराशी ओढतो.
सगळा पूल म्हणजे एवढंच.

तिसरा गाळा, खालची पट्टी, नववं भोक.
त्या दिवशी डबड्याचा तळ सुटत आला होता.
पोरगं सकाळपासून सांगत होतं. मुकादम म्हणे, उद्या.
मी फेकला. पळस.
तो तळातून निसटला,
आणि बरोबर खाली
उखर्डूची आई पाटीत वाळू भरत होती.

त्याने मधेच हात घातला.

ओरडला नाही.
मूठ उघडायला मात्र वेळ लागला,
तेवढ्यात रिपीट काळा पडला.
"थंडा शे," नूरखा म्हणाला, "ठोकू नको."
पण पोराने तो डाव्या हाताने भोकात सारला
आणि आमच्याकडे असं पाहिलं
की घणवाल्यांनी ठोकला.

संध्याकाळी पेस्तनजी मिस्त्री आला,
हातात छोटी हातोडी, खिशात खडू.
सातवा, ठण्ण. आठवा, ठण्ण.
नववा,
खट.
पुन्हा मारला. कान लावला.
मग त्याची नजर पोराच्या हातावर गेली,
कोरफड बांधलेल्या.
खडू खिशातच राहिला.
"एक ढिला असला तर शेजारचे सोसतात,"
असं काहीसं पुटपुटला
आणि दहाव्याकडे गेला.

नंतर इंजिनाला हार घातले, नारळ फुटले.
नंतर पूरही आले, दोनदा, खांबाच्या गळ्यापर्यंत.
पूल हलला नाही. गाव म्हणालं, विलायती लोखंड!
मी पुलाखाली धुणं धुते, गाडी आली की मोजते.
पहिला गाळा. दुसरा. तिसऱ्यात
खट.
आहे अजून.

उखर्डू डाव्या हाताने जेवतो.
पंगतीत नवी माणसं हसतात.
मी त्याला वाढते,
पुढच्या पानाकडे जाते.