इसार

उदगीरला तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
मंगळवारी तिथूनच मी कॉल विकतो.
प्रीमियम हजार-बाराशे, दुपारपर्यंत विरघळतो,
विरघळला की आपला.
एकोणीस मंगळवार असेच विरघळले.

विसाव्याला कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या प्रती काढत होतो.
दोन-चाळीसला निफ्टी उठला
आणि बसलाच नाही.
मशीनमधून कागद येत राहिले, गरम गरम.
साडेतीनला एकोणीस मंगळवार गेले,
वर पोरीच्या सायकलीचे पैसे.

अप्पांनी चाळीस वर्षं हाळीच्या बाजारात
रुमालाखाली बोटं दाबून बैलांचे भाव ठरवले.
त्यांनी चार्ट पाहिला नाही.
विचारलं, "इसार दिल्तास का घेतल्तास?"
घेतला होता.
"आन् बैल?"
बैल नव्हता, अप्पा.

अडकित्ता दोनदा वाजला.
"देणाऱ्याचा इसार बुडतो, तेवढाच.
घेणाऱ्याला बैल द्यावा लागतो बाबा,
बाजार म्हणंल त्या भावानं आणून."

म्हटलं, वरचा कॉल घेऊन ठेवला असता तर?
थोडं कमी सुटलं असतं दर मंगळवारी, पण
"म्हंजे तू बी कुणाला तरी इसार देऊन ठिवायचास."
हो.
"मग ठिवला का न्हाईस?"
ह्याला उत्तर होतं. एकोणीस मंगळवार होतं ते.

त्यांनी खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला.
"किती बुडाले तर झोप लागंल? बोल."
मी आतून चार बोटं दाबली.
त्यांनी त्यातली तीन मिटवली,
आणि उरलेलं एक
बराच वेळ धरून ठेवलं.