श्वास धरा

दिवसभर मी लोकांचे फोटो काढते.
हातात कॅमेरा नसतो.
शिशाचा जड एप्रन घालून काचेआड उभी राहते
आणि सांगते : हनुवटी वर. खांदे पुढे.
श्वास घ्या. धरा.
...
सोडा.

थंडी सरता सरता परळात खोकला फार.
धुकं पडलं, असं म्हणतात खिडकीशी बसलेले.
आम्हाला ते आतून दिसतं,
फासळ्यांच्या पिंजऱ्यात कुणी कापूस पिंजून ठेवावा तसं.
त्यात सुंदर काही शोधू नये, कळतं मला.
तरी एखाद्याचं गळ्याचं हाड असं रेखीव उतरतं
की डॉक्टरकडे पाठवण्याआधी
मी क्षणभर जास्तच बघते.

म्हणून खरा कॅमेरा घेतला.
लालबागचा धुरी स्टुडिओ बंद झाला तेव्हा
त्यांच्या मुलाने भंगाराच्या भावात दिला.
लेन्सला बुरशीचा ठिपका आहे.
प्रत्येक फोटोत डाव्या कोपऱ्यात तो येतोच,
मस्टरवर सही केल्यासारखा.
रोल महाग. महिन्याला एकच.

नाइट संपली की घोडपदेवच्या अंगाने चालत सुटते.
स्वेटर काढावा की असू द्यावा, असं ऊन.
बसचा ड्रायव्हर वर्तमानपत्राने काचेवरचं दव पुसतोय,
बातम्या ओल्या होतायत.
बोरवाली टोपलीवर पाण्याचा हबका मारते
आणि शिळी बोरं दचकून ताजी होतात.
वायरवर संक्रांतीचा पतंग : कागद गेला, कामट्या उरल्या.
हा तर एक्स-रेच, म्हणत मी तो घेतला.
न्हाव्याच्या आरशात मावेल एवढं आकाश होतं,
तेही घेतलं. मागाहून कळलं,
त्यात माझंच कोपर आलंय.

आणि बदाम. आपला देशी बदाम.
मुंबईला पानगळ मिळते ती एवढीच,
रेशनवर मिळाल्यासारखी :
हॉस्पिटलच्या आवारात चार झाडं,
लाल, तांबूस, विटकरी.
झाडूवाल्या गोजराबाई म्हणाल्या, कचऱ्याचा कसला गं फोटो?
म्हटलं, दोन मिनिटं थांबा, मग झाडा.
त्या थांबल्या. झाडू बगलेत धरून
पाहिल्यासारखं केलं, मग खरंच पाहिलं.
म्हणाल्या, वीस वर्षं हेच उचलतेय,
रंग बघायला कुणी सांगितलंच नाही.
आणि लगेच, चल हो बाजूला.

मंगळवारी मुकादम आले. बंदरावर हमाली केलेले,
तिसऱ्यांदा छातीचा फोटो.
शर्ट काढून, घडी घालून ठेवला,
आणि खिशातून कंगवा काढून
उरलेले केस नीट बसवले.
मी म्हणणार होते, चाचा, ह्यात केस येत नाहीत.
नाही म्हटलं.
श्वास घ्या. धरा.
बाहेर येऊन त्यांनी विचारलं,
बरा आला ना गो बाय?
मी मान हलवली. पडद्यावर जे होतं
ते बरं नव्हतं.

ड्यूटी संपली तरी ते बाकावरच होते, मुलाची वाट बघत.
म्हटलं, चला, आता केस येतील असा काढू.
बदामाखाली उभे राहिले ते
ताठ, हनुवटी वर, खांदे पुढे,
मी काही न सांगताच.
शेवटचा फोटो उरला होता रोलमध्ये.
कडेने ऊन येत होतं, एक पान सुटून खाली यायला लागलं,
मी त्याच्यासाठी थांबले,
फोकस इकडे, तिकडे,
आणि बघते तर मुकादमांची छाती हलत नव्हती.
श्वास धरून उभे होते केव्हाचे.
चाचा, सोडा, सोडा!
ते सोडून हसले, हसताना खोकले,
मी दाबलं नेमकं तेव्हाच.

फोटो हललेला आलाय. चेहरा धूसर,
पान तर कुठेच नाही,
कोपऱ्यात ठिपका आपल्या जागी.
भांग तेवढा
स्पष्ट आहे.