कपाळावरची वेळ

केळणेच्या काठाला नांगर जरा खोल गेला
की फाळाला शिशाची गोळी लागते.
आमच्याकडं कुणाला तिचं नवल नाही.
भोई जाळ्याला बांधतात वजनाला,
गवंडी ओळंब्याला,
आणि माझ्या वडलांनी एक ठेवली होती
थर्मामीटरच्या डब्यात.

सखाहरी दांडगे, नर्सिंग असिस्टंट,
फौजेतून सतरा वर्षांनी परत.
गाव डॉक्टर म्हणायचं. ते म्हणायचे, मी पट्टीवाला.
एकाहत्तरचं फार सांगायचे नाहीत.
एवढंच, की थंडीत रक्त वाफाळतं,
की जो ओरडतो त्याच्याकडं आधी जायचं नसतं,
गप्प पडलेल्याकडं जायचं,
आणि ओरडणारा मात्र जन्मभर ऐकू येतो.

लखनऊच्या ट्रेनिंगात शिकवलं होतं
कोणत्या देशाच्या कोणत्या सर्जननं
जखमी उचलायला पहिली गाडी केली.
सगळी नावं पाठ.
पण असईच्या लढाईचं एवढंच कळालेलं,
की गोऱ्यांचे जखमी डोल्यांतून अजिंठ्याला नेले.
"आन् आपले?" ते मलाच विचारायचे,
जणू मी तिथं होते.
"घट बसलेले. बाजरी कणसावर.
त्या बाजरीत पडलेले कोन उचलले?"

मग त्यांनी एक माणूस तयार केला.
मुकिंदा न्हावी, असईचा.
कागदोपत्री कुठं नाही.
"असंलच की एखादा. गावात वस्तरा तर असंल?"
मुकिंदा रात्री बाजरीत शिरायचा,
कनवटीला हळदीची पुडी,
एरंडाच्या पानात गुंडाळलेली जळमटं,
तोंडात बोलणं नाही, कोण कुणाच्या बाजूचा
ते विचारायचं नाही म्हणून.
त्याची बायको लुगड्याचे धडपे फाडून द्यायची,
तिचं नाव ठेवायचं राहूनच गेलं.
"अर्धे हळदीनं वाचले असतील,"
वडील कामाला प्रामाणिक होते,
"अर्धे तिच्यानंच गेले असतील."
तरी एखाद्या सिनियरचं घ्यावं
तसं ते मुकिंदाचं नाव घ्यायचे.

परवा दिवाळीनंतर मक्याच्या मळणीत
पठाणांच्या इलियासचा हात मशीननं ओढला.
माणसं ओरडत होती. इलियास गप्प होता.
सत्त्याहत्तर वर्षांचे वडील
बाजेवरून उठले ते चोवीस वर्षांचे.
रुमालाची घडी दंडाला,
घडीत माझ्या पोरीची फूटपट्टी,
पीळ, पीळ, अजून एक पीळ.
रक्त थांबल्यावर माझ्यापुढं हात केला:
"पेन."
पेन सापडेना. पोरीनं जांभळा स्केचपेन दिला.
त्यांनी इलियासच्या कपाळावर लिहिलं

४.१०

आणि मग कुठं खाली बसले.
गाडी घाटीकडं निघाली तेव्हा त्यांचे हात कापायला लागले,
चहाची बशी धरवेना.

"ती वेळ जखमीसाठी नसती," रात्री म्हणाले.
"पुढच्या मानसासाठी असती.
आपन काय तिथं राहतो का त्याच्यासंगं."

दोन बोटं गेली. हात राहिला.
इलियासच्या आईनं आठ दिवस
त्याचं कपाळ पुसू दिलं नाही,
तिला वाटलं गुण आकड्यातच आहे.
वडलांनी तिचं म्हणणं खोडलं नाही.

मुकिंदाकडं घड्याळ कुठलं,
मी एकदा जेवताना काढलं.
घास हातात तसाच धरून बसले,
वरणावर साय धरली.
मग म्हणाले, राख.
"राखेचं बोट ओढलं असंल कपाळावर.
वेळ काय कळनार त्याच्यातून?
पन मागून दुसरा कुनी दिवटी घेऊन आला,
तर त्याला दिसंल,
इथं कुनीतरी हात लावून गेलंय."